उजवा अंगठा

रात्री दोनला उठवतो तो.
आधी वाटतं, अंगठ्यात कुणी बाटली फोडली
आणि आता काचा वेचतंय,
बोटांनी नाही, दातांनी.
न्गाहुइया कूस बदलते,
चादरीचा काठ नुसता शिवून जातो
आणि मी होडीतून आलेल्या पहिल्या पूर्वजापर्यंत
सगळ्यांना हाका मारतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
माझा पाय अंथरुणाबाहेर, दोन उशांवर,
लालबुंद, तुकतुकीत,
रुसलेल्या जावयासारखा.

त्या सकाळी शाळेची बस माझा चुलतभाऊ काढतो.
ते काहाचा किनारा, बावीस पोरं, वळणंच वळणं,
आणि ब्रेक उजव्या पायाचा.
त्या दिवसाचा पगारही तोच नेतो.

पंधरा वर्षं मी सांगत आलो:
रग्बीतली जुनी दुखापत.
रग्बीत मोडलेल्या पायाला मान असतो.
गाउटला लोक हसतात,
‘पारातेने, बिअर कमी कर,’ म्हणतात,
स्वतःचा ग्लास भरता भरता.

बाबांनी बुटाचं टोक सुरीने कापलं होतं.
आम्हा पोरांना वाटायचं, वाऱ्यासाठी.
त्यांच्या कानाच्या पाळीत खडूसारखे पांढरे दाणे होते,
मी मांडीवर बसून ते मोजायचो.
चार.
मग पाच.

मेरेआना नर्सने भाषण नाही दिलं.
पेल्यात पाणी घेतलं, साखर टाकत गेली,
ढवळत गेली.
एका चमच्यानंतर साखर विरघळेना,
तळाशी बसून राहिली.
‘हे तुझं रक्त,’ म्हणाली, ‘आणि हा तळ म्हणजे तुझा अंगठा.
तू फार खाल्लंस म्हणून नाही.
तुझ्या घराण्याची मूत्रपिंडं जरा चिकट हाताची,
आलेलं बाहेर सोडत नाहीत.’
एवढ्यावर मी रडलो.
पंधरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं
की हे फक्त माझं पाप नाही.

तहान नसताना पाणी.
दुखत नसताना गोळी.
रोज. ख्रिसमसलाही.
तिने अजून काहीतरी सांगितलं होतं,
ते मी दारातून निघता निघता ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो आला,
पूर्वीपेक्षा मस्तीत.
मी गोळ्या माशांच्या गळांच्या डब्यात फेकल्या.

सोमवारी ती बसच्या थांब्यावर उभी.
पोरं खिडक्यांना नाकं लावून.
‘जुने खडे विरघळू लागलेत,’ म्हणाली,
‘घर सोडणारा भाडेकरू भांडी आपटतोच.
म्हणून काय त्याला परत ठेवून घेतोस?
काही महिने ती दुसरी छोटी गोळीही घे,
आणि ही थांबवू नकोस.’
मी डबा उघडला. एक गळ बोटात रुतला.
गोळ्यांना आमिषाचा वास येत होता.
नवीन पाकीट आणलं.

हिवाळ्यात मावशीच्या अंत्यविधीला
मोठं ताट फिरत आलं: शिंपले, कीना,
जिभेवर समुद्र.
घरच्यांनी वाढलेलं नाकारणं म्हणजे घर नाकारणं.
मी एक शिंपला घेतला. एकच.
शेजारी पुतण्या, एकोणीस वर्षांचा,
बूट काढून पाय खुर्चीखाली लपवत होता.
‘रग्बी,’ म्हणाला.
मी म्हटलं, ‘हो, मलाही तीच झाली होती,’
आणि मेरेआनाचा नंबर
त्याच्या रुमालावर लिहून दिला.
फोन केला की नाही, माहीत नाही.

परवा रक्ताचा आकडा आला:
शून्य पूर्णांक चौतीस.
न्गाहुइयाने तो फ्रीजवर लावला,
नातवाच्या चित्राशेजारी, जरा तिरका.

आज ओहोटी आहे.
मी गुडघाभर थंड पाण्यात उभा, पोतं भरतोय,
मावशीच्या पोरांसाठी, माझ्यासाठी थोडं.
खडकावर पाय ठेवताना
अजूनही आधी थबकतो,
दार ठोठावण्यापूर्वी थबकतात तसा.
अंगठा काही म्हणत नाही.
मीही विचारत नाही.